सतरा क्रमांकाचे गुण

संयोजकांचा फोन आला तेव्हा मी विचार करायला अर्धा मिनिटही घेतलं नाही. महाविद्यालयीन मुलांची वादविवाद स्पर्धा, चोवीस स्पर्धक, तीन परीक्षक, एका दिवसाचं काम. खरं सांगायचं तर मला गुदगुल्याच झाल्या. लोकांबद्दल मतं बनवण्याचं काम मी जन्मभर फुकटात करत आले आहे. समोरचा माणूस तोंड उघडायच्या आत त्याचे चपला-बूट, आवाज, बसण्याची तऱ्हा यांवरून माझा निकाल तयार असतो. आता त्याच कामासाठी कोणी मानाची खुर्ची देत होतं, तर नाही कशाला म्हणायचं?

बाकी दोघांपैकी एक नाट्यशिक्षक होते आणि दुसरे निवृत्त न्यायाधीश. मी मनात दोघांचेही निकाल लावून टाकले. नाट्यशिक्षक आवाजावर आणि हातवाऱ्यांवर भाळणार. न्यायाधीश दिवसभर भुवया आक्रसून बसणार आणि सगळ्यांना सारखेच कमी गुण देणार. यातलं एकही खरं ठरलं नाही, पण ते पुढे.

स्पर्धेची रचना साधी होती. विषय एकच, ‘शिक्षा कडक असेल तर गुन्हे कमी होतात’. बाजू मात्र ज्याची त्याने निवडायची नाही, अर्धा तास आधी चिठ्ठी काढायची आणि जी येईल ती मांडायची. प्रत्येकाला सहा मिनिटं, पाचव्या मिनिटाला इशाऱ्याची घंटा, वेळ ओलांडली की एकूण गुणांतून दोन वजा. आमच्या हातात तक्ता : आशय ४०, खंडन २०, भाषा २०, सभाधीटपणा २०. स्पर्धकांची नावं किंवा महाविद्यालयं आम्हाला कळणार नव्हती, फक्त क्रमांक. आम्हाला सभागृहाच्या मधोमध चौथ्या रांगेत बसवलं. वेळ मोजणारी मुलगी घंटा घेऊन मंचाच्या कडेला आणि एक मोठं घड्याळ आमच्या पाठीमागच्या भिंतीवर.

सुरुवातीलाच न्यायाधीशांनी माझ्याकडे पाहून विचारलं, “पेन्सिल आहे का, मॅडम?” मी पेन पुढे केलं. ते हसले. म्हणाले, “पहिल्या तिघांचे गुण पेन्सिलनेच लिहा. अजून मोजपट्टी तयार झालेली नाही तुमची.” मग त्यांनी तक्त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर मधोमध उभी रेघ मारली. डावीकडे लिहिलं ‘ऐकलं’, उजवीकडे ‘वाटलं’. मी विचारलं हे कशाला. ते म्हणाले, गुण कशाचे द्यायचे हे डावीकडे असतं, गुण कशाचे दिले जातात ते उजवीकडे सापडतं. मला ते जरा सुभाषितासारखं वाटलं. तरी मीही रेघ मारली. न मारून कसं चालेल, ते शेजारीच बसले होते.

पेन्सिलीचं मात्र लगेच पटलं. पहिली स्पर्धक बोलली तेव्हा ती चांगली बोलली की बरी, मला कळेना. कशाच्या मानाने? मी तिला पासष्ट लिहिले, कारण पासष्ट दिसायला निरुपद्रवी असतात. तिसरी व्यक्ती बोलून झाल्यावर लक्षात आलं की पहिली बरीच उजवी होती. तोवर पासष्टचा खुंटा ठोकला गेला होता आणि पुढचे सगळे त्याला बांधले जात होते. मी रबर मागितलं.

सहाव्या क्रमांकाची मुलगी मंचावर आली आणि न्यायाधीशांनी पेन खाली ठेवलं. तिचं भाषण संपेपर्यंत त्यांनी काहीही लिहिलं नाही. संपल्यावर संयोजकांना बोलावून सांगितलं, “ही माझ्या शेजाऱ्यांची नात. हिचे गुण मी देणार नाही. या दोघांच्या गुणांची सरासरी माझ्या रकान्यात घाला आणि तसं लिहून ठेवा.” संयोजक ओशाळले. “अहो साहेब, तुमच्यावर आमचा पूर्ण विश्वास आहे.”

“तुमचा आहे हो. हरणाऱ्याचा असायला हवा.”

मध्यंतरात मी त्यांना याबद्दल छेडलं. तुम्ही पस्तीस वर्षं न्यायदान केलंत, एका शेजारच्या मुलीसाठी तोल गेला असता का? त्यावर त्यांनी इंग्लंडमधला १९२३ सालचा एक खटला सांगितला. एका मोटारसायकलस्वाराचा अपघात झाला, त्याच्यावर बेदरकारपणे वाहन चालवल्याचा गुन्हा दाखल झाला. खटला चालवणाऱ्या न्यायदंडाधिकाऱ्यांचा कारकून निर्णयाच्या वेळी त्यांच्याबरोबर आत गेला. तो कारकून ज्या वकिली पेढीत भागीदार होता तीच पेढी त्या अपघातातल्या दुसऱ्या पक्षाकडून भरपाईचा दावा चालवत होती. दंडाधिकाऱ्यांनी शपथेवर सांगितलं, आम्ही कारकुनाला एका अक्षराने विचारलं नाही, तोही काही बोलला नाही. ते खरं होतं, कोणी नाकारलंही नाही. तरी वरच्या न्यायालयात लॉर्ड ह्यूअर्ट यांनी शिक्षा रद्द केली. न्याय नुसता होऊन भागत नाही, तो होताना स्पष्टपणे दिसलाही पाहिजे, हे जे वाक्य आपण भाषणांत ऐकतो ते त्या निकालातलं.

“म्हणजे प्रश्न कारकून बोलला की नाही हा नव्हताच,” ते म्हणाले. “तो आत गेला हाच होता.”

मी गप्प बसले. आठव्या क्रमांकाच्या मुलीचा आवाज मला माझ्या भाचीसारखा वाटला होता आणि मी तिला जरा सैल हाताने गुण दिले होते. हे कुठल्या रकान्यात लिहायचं? ‘वाटलं’मध्ये लिहिलं. गुण मात्र बदलले नाहीत. आपला तो बाब्या हे लिहून काढलं म्हणून सुटत नाही.

आता सतरा क्रमांकाबद्दल.

हा मुलगा मंचावर आला आणि माईकपाशी उभा राहून त्याने आमच्याकडे पाहिलंच नाही. हनुवटी वर, नजर आमच्या डोक्यांवरून पार मागे. अभिवादनही त्याने त्या मागच्या भिंतीलाच केलं. चिठ्ठीत त्याला कडक शिक्षेची बाजू आली होती आणि ती तो खटाखट, शब्द तोडत मांडत होता. पंधरा सेकंद झाली असतील नसतील, मी उजवीकडच्या रकान्यात एकच शब्द लिहिला : तोरा.

पुढचं भाषण मी ऐकलं. डाव्या रकान्यात टिपणंही काढली, हात सवयीने चालू होता. पण तो ‘तोरा’ आधी लिहून झाला होता.

मध्येच एक सांगते. १९६७ साली एडवर्ड जोन्स आणि व्हिक्टर हॅरिस या दोन अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी लोकांना काही निबंध वाचायला दिले होते. काही कॅस्ट्रोच्या क्युबाच्या बाजूने, काही विरोधात. वाचकांना स्पष्ट सांगितलं होतं की लेखकाला बाजू नेमून दिली होती, ती त्याने निवडलेली नाही. तरीही कॅस्ट्रोच्या बाजूने लिहिणाऱ्याचं मन कॅस्ट्रोकडे झुकलेलं असणार, असंच वाचकांना वाटत राहिलं. हा प्रयोग मला ठाऊक होता. एका लेखात मी तो वापरलाही आहे. आणि तीच मी, चिठ्ठ्यांचा डबा डोळ्यांसमोर असताना, कडक शिक्षेची बाजू मांडणारा हा पोरगा स्वभावानेच कठोर आहे असं धरून बसले होते. ठाऊक असण्याचा या कामात किती उपयोग होतो ते मला त्या दिवशी कळलं.

चोवीस जण संपले. बेरजा झाल्या. तिघांचे तक्ते शेजारी ठेवल्यावर जे दिसलं त्याने माझी झोप उडाली.

पहिल्या तीन जागांसाठी लढत नऊ, चौदा आणि एकवीस या क्रमांकांत होती. मी नऊला ७१, चौदाला ६९, एकवीसला ६७ दिले होते. न्यायाधीशांनी एकवीसला ७०, नऊला ६८, चौदाला ६६. आणि नाट्यशिक्षकांनी चौदाला ७८, एकवीसला ६४ आणि नऊला ५२. बेरीज केली की चौदा २१३, एकवीस २०१, नऊ १९१. म्हणजे मी आणि न्यायाधीश, दोघांच्याही मते नऊ हा चौदापेक्षा सरस. तरी चौदा पहिला आणि नऊ तिसरा.

मी म्हटलं, हे बरोबर नाही. एकट्याच्या गुणांनी निकाल फिरतोय. पाणउडीच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत सात परीक्षक असतात, सर्वांत वरचे दोन आणि खालचे दोन गुण काढून टाकून मधले तीनच धरतात, ते याचसाठी. तिघांत काय काढणार आणि काय ठेवणार? मग आपण गुण सोडून फक्त क्रम लावू या. लावले. माझा क्रम नऊ, चौदा, एकवीस. न्यायाधीशांचा एकवीस, नऊ, चौदा. नाट्यशिक्षकांचा चौदा, एकवीस, नऊ. प्रत्येकाला एकदा पहिला, एकदा दुसरा, एकदा तिसरा नंबर. बेरीज सहा, सहा, सहा. जोडीजोडीने पाहावं तर नऊ चौदाला हरवतो, चौदा एकवीसला हरवतो आणि एकवीस नऊला हरवतो. नाट्यशिक्षक तर खो खो हसत सुटले. हा काही आमच्या स्पर्धेचा चमत्कार नव्हे. फ्रेंच गणिती काँडोर्से याने १७८५ सालीच हे कोडं मांडून ठेवलं आहे. तीन शहाणी माणसं, प्रत्येकाचं मत सुसंगत, आणि तिघांचं मिळून एक मत काढायला गेलं की ते गोल गोल फिरत राहतं.

“नियमपत्रिकेत काय छापलंय?” न्यायाधीशांनी विचारलं. एकूण गुणांची बेरीज, असं छापलं होतं. “मग बेरीज. क्रमांची पद्धत कदाचित चांगली असेलही, पण कोण जिंकतंय हे दिसल्यावर पद्धत बदलायची नाही.”

मी अजूनही फुरफुरत होते. तेव्हा नाट्यशिक्षकांनी आपला तक्ता उलटा करून दाखवला. चौदाबद्दल त्यांनी अर्धं पान लिहिलं होतं : कुठे थांबली, कोणता मुद्दा परत घेतला, प्रतिपक्षाचं म्हणणं आधी नीट मांडून मग कसं खोडलं. आवाजाबद्दल एक ओळ. नऊला ५२ का, तर त्याने इटालियन विचारवंत बेकारियाचा हवाला दिला, १७६४ सालच्या त्याच्या पुस्तकातला, की गुन्ह्याला आळा शिक्षेच्या क्रौर्याने बसत नाही, ती चुकत नाही या खात्रीने बसतो. मग तेच वाक्य चार वेळा घोळवलं आणि वेळ भरली. मी पुन्हा माझी टिपणं पाहिली. खरोखर चार वेळा होतं. मी बेकारियाच्या नावावर खूश होऊन पुढचं सोडून दिलं होतं.

“तुमचे सगळे गुण ५८ ते ७१ मध्ये आहेत, बाई,” ते म्हणाले. चिडवत नव्हते. “चोवीस माणसं आणि तेरा गुणांचा फरक. माझे ४० पासून ७८ पर्यंत आहेत. मग निकाल मीच लावणार ना?”

हे मला दिवसभरातलं सर्वांत झोंबलेलं वाक्य. मी हातचं राखून गुण देत होते आणि त्याला निःपक्षपातीपणा समजत होते. कुणाला दुखवायला नको, कुणाला डोक्यावर घ्यायला नको, सगळे साठ-पासष्टच्या घरात. रामशास्त्री बाणा म्हणून मिरवत होते तो प्रत्यक्षात खुर्चीवरून अर्धं उठून उभं राहणं होतं. माझं मत मी स्वतःच हलकं करून शेजाऱ्याच्या हातात दिलं होतं आणि वर तक्रारही मीच करत होते.

आणखी एक दिसलं. माझ्या तक्त्यात प्रत्येकाचे चारही रकाने एकत्र वर जात होते, एकत्र खाली येत होते. आशय चांगला म्हणून भाषा चांगली, भाषा चांगली म्हणून खंडन चांगलं. एडवर्ड थॉर्नडाइकने १९२० साली सैन्यातल्या अधिकाऱ्यांनी हाताखालच्या लोकांना दिलेले शेरे तपासले तेव्हा त्याला हेच आढळलं होतं : शरीरयष्टी, बुद्धी, नेतृत्व, चारित्र्य, सगळ्याचे शेरे एकमेकांना इतके चिकटलेले की अधिकारी चार गोष्टी पाहतच नव्हते. एकच पाहत होते, आवडला की नाही.

निकाल जाहीर झाला. टाळ्या वाजल्या, थोडी कुजबुजही झाली. बाहेरच्या व्हरांड्यात एक पालक कोणाला तरी ठासून सांगत होते, सगळं आधी ठरलेलं असतं. मी त्यांच्या पाठीमागूनच गेले. सकाळी मी जसे दोन परीक्षकांचे निकाल लावले होते तसाच त्यांनी आमचा लावला होता, फक्त मोठ्याने. आणि असा संशय येणाऱ्याला वेडा तरी कसं म्हणावं? २००२ च्या हिवाळी ऑलिम्पिकमध्ये फिगर स्केटिंगच्या एका परीक्षकावर दबाव आल्याचं प्रकरण बाहेर पडलं, दुसऱ्या जोडीलाही सुवर्णपदक द्यावं लागलं आणि पुढे गुण देण्याची जुनी पद्धतच मोडीत निघाली.

जिन्यापाशी सतरा क्रमांक उभा होता. त्याला बक्षीस नव्हतं.

“मॅडम, माझं काय कमी पडलं ते सांगाल का? पुढच्या वेळी सुधारेन.”

आवाजात कसलाही तोरा नव्हता. मी ऐटीत तक्ता उलटला, टिपणं वाचून सांगू म्हणून. डाव्या रकान्यात माझ्याच अक्षरात होतं : ‘अटळपणा हवा हे मान्य. पण जी शिक्षा अटळ आहे ती नावापुरतीच असेल तर तिला भिणार कोण?’ नऊ क्रमांकाच्या बेकारियाला दिलेलं हे सरळ, नेमकं उत्तर होतं. दिवसभरात दुसऱ्या कोणी ते दिलं नव्हतं. खंडनाच्या रकान्यात मी त्याला वीसपैकी बारा दिले होते. सभाधीटपणात अकरा. उजवीकडे तो एक शब्द. मी कागद छातीशी धरला.

“तू आमच्याकडे पाहत नव्हतास,” मी म्हटलं. दुसरं काही सुचलंच नाही. “श्रोत्यांच्या डोळ्यांत पाहून बोलावं.”

“हो ना,” तो म्हणाला. “मागच्या स्पर्धेत वेळेचे दोन गुण गेले होते माझे. म्हणून या वेळी घड्याळाकडे लक्ष ठेवून होतो.”

मी मागे वळून पाहिलं. सभागृहाचं दार उघडंच होतं आणि आमच्या रिकाम्या खुर्च्यांच्या बरोबर वर, मागच्या भिंतीवर, ते घड्याळ होतं. सकाळी आत येताना मी ते पाहिलं होतं. दिवसभर माझी पाठ होती त्याच्याकडे.

त्याला ‘शुभेच्छा’ की असलंच काहीतरी म्हणून मी निघाले.

घरी आल्यावर आकडेमोड केली, करायला नको होती. उत्तेजनार्थ बक्षीस त्याचं तीन गुणांनी हुकलं होतं. त्याच्या खंडनाला मी न्यायाने सोळा तरी द्यायला हवे होते. सभाधीटपणाचं तर बोलायलाच नको.

चार दिवसांनी न्यायाधीशांना फोन केला आणि सगळं सांगितलं. ते मध्ये एकदाही बोलले नाहीत; ऐकून घेण्याची त्यांची सवय फोनवरही जाणवते. मग म्हणाले, साक्षीदाराच्या हावभावांवर शेरा लिहायची मुभा त्यांना होती, पण नोकरीत पुढे पुढे त्यांनी ते जवळपास सोडलं. घाबरलेला खरा माणूस अडखळतो आणि सराईत खोटारडा छान डोळ्यांत पाहून बोलतो, हे अनेकदा पाहून झालं होतं. “आम्हाला एक सोय होती, मॅडम. आमचं चुकलं तर वर अपील होतं. तुमच्या त्या नियमपत्रिकेत शेवटची ओळ काय होती?”

परीक्षकांचा निर्णय अंतिम राहील.

“अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयातले रॉबर्ट जॅक्सन १९५३ साली एका निकालात लिहून गेलेत. आमचा शब्द अखेरचा असतो तो आम्ही चुकत नाही म्हणून नव्हे. तो अखेरचा असतो म्हणून आम्ही चुकत नाही, इतकंच.” ते हसले. मला हसू आलं नाही.

मी विचारलं, संयोजकांकडून त्या मुलाचा पत्ता घेऊन त्याला कळवू का? खरं काय झालं ते?

पलीकडे बराच वेळ शांतता.

“कळवा. पण आधी एक ठरवा. पत्र वाचून बरं कोणाला वाटणार आहे, त्याला की तुम्हाला?”

पत्राचा मसुदा तीनदा केला आहे. पहिल्यात मी फार चांगली दिसते, दुसऱ्यात फार बिचारी. तिसरा सध्या टेबलावर आहे, पेन्सिलने लिहिलेला.